रीफ टाकीत गोगलगाई मरतायत, झोआ मिटलेत, मासे मात्र मजेत. काय चुकतंय?

मुळामुठा | ११ एप्रिल, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. पुण्यात, कोथरूडला असते. घरात एक छोटी रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची) आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. दगड-वाळू वजा जाता पन्नासेक लिटर पाणी. मागे लटकवायचा फिल्टर, एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), निळा-पांढरा एलईडी. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) नाही. गेल्या पावसाळ्यात भरली. राहायला दोन क्लाऊन मासे, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि काही टर्बो गोगलगाई. प्रवाळांत झोआ (झोअँथस), मश्रूम, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप), झेनिया आणि एक लेदर. सगळे मऊ, दगडी काही नाही.

डिसेंबरपर्यंत दृष्ट लागावी असं चाललं होतं. झेनिया इतकी माजली की दोघातिघांना वाटली. फेब्रुवारीत कुठेतरी घसरण सुरू झाली. आधी टर्बो काचेवरून सुटून वाळूत उलथे पडायला लागले, सरळ केले तरी परत चिकटेनात. मग झेनियाची उघडझाप थांबली आणि बघता बघता ती विरघळून गेली. श्रिंप कात टाकताना गेला. आता झोआ अर्धे मिटलेले, मश्रूम बटणाएवढे, लेदरने पॉलिप (फुलांसारखी छोटी तोंडं) बाहेर काढणंच सोडलंय. आणि हल्ली हल्ली वाळूवर तपकिरी शेंबडासारखा थर येतोय, त्यात बुडबुडे. मासे एकदम ठणठणीत. डबा वाजला की काचेपाशी हजर.

मोजमापं: तापमान २६ ते २७.५, खारेपणा १.०२५, अल्कलिनिटी ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, अमोनिया ०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. पीएच सकाळी ७.८, रात्री ८.१.

दर रविवारी पाच लिटर पाणी बदलते. फॉस्फेट ओढणारी पिशवी जानेवारीपासून फिल्टरात आहे, शेवाळ दिसलं म्हणून दुकानदाराने दिली होती. तो आता म्हणतोय आयोडीन टाका. टाकू का?

दर्यासारंग | ११ एप्रिल, रात्री १०:४८

आयोडीन टाकू नका. जे मोजता येत नाही ते ओतायचं नाही. श्रिंप कात टाकताना मेला म्हणजे आयोडीन कमी, हे दुकानातलं पुराण आहे. कात टाकताना श्रिंप सगळ्यात नाजूक असतो, पाण्यात काहीही बिघाड असला की तो नेमका तेव्हाच जातो.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, हे वाचून लोकांना आनंद होतो, मला काळजी वाटते. मऊ प्रवाळांना ही उपासमार आहे. ती पिशवी आजच काढा. नायट्रेट पाचाच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ असलं तरी काही बिघडत नाही.

खारेपणा कशाने मोजता? काट्याच्या हायड्रोमीटरने असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, काट्याला एक बुडबुडा चिकटला की संपलं. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग खारेपणा दाखवणाऱ्या) द्रावणावर तपासा. द्रावण घरी होतं: ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६.३५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. सोनाराकडचा किंवा स्वयंपाकघरातला दशांश दाखवणारा काटा मात्र हवा.

बटाटेवडा | ११ एप्रिल, रात्री ११:१०

आयडी मुळामुठा आणि टाकी समुद्राची? ताई, वास्तुदोष इथेच आहे.

(बाकी विषयातलं शून्य कळतं, पण वाचतोय. मासे नाचतात हे वाचून बरं वाटलं.)

कोलंबसकर | १२ एप्रिल, सकाळी ६:३०

सकाळचा पीएच ७.८ म्हणजे घरात कार्बन डायऑक्साइड साठतोय. रात्री खिडक्या बंद, एसी चालू, तीन-चार माणसं झोपलेली, असं काही आहे का? एक सोपी परीक्षा: टाकीतलं कपभर पाणी घ्या, हवेचा पंप लावून गच्चीत किंवा बाल्कनीत तासभर ठेवा, मग पीएच मोजा. वर गेला तर दोष घरातल्या हवेचा.

दर्यासारंग | १२ एप्रिल, सकाळी ९:१५

परीक्षा चांगली आहे, पण ७.८ ला गोगलगाई मरत नाहीत. माझी टाकी वर्षानुवर्षं ७.८ ते ८ मध्ये आहे. पीएचच्या मागे लागून लोक सोडा ओततात आणि चांगली अल्कलिनिटी बिघडवून बसतात.

शेवंती | १२ एप्रिल, सकाळी ११:४०

नाशिकहून. मुळामुठा, तो शेंबूड आधी ओळखून घे. लालसर-जांभळी चादर असेल आणि एका तुकड्यात सोलून निघत असेल तर सायनो (सायनोबॅक्टेरिया). तपकिरी, तारा सुटणारा, टोकांना बुडबुडे, रात्री कमी होणारा आणि दिवे लागल्यावर पुन्हा वाढणारा असेल तर डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो). खात्री करायची तर थोडा शेंबूड टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घे, जोरात हलव, कॉफीच्या गाळणकागदातून गाळ आणि ते पाणी उजेडात ठेव. तासाभरात पुन्हा गोळे आणि तारा झाल्या तर डायनो.

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे सूक्ष्मदर्शक हाताशी असतो. तुझ्या ओळखीत कुणी शिक्षक असेल तर ४०० पट मोठं करून बघ. एका टोकाला बांधल्यासारखे जागच्या जागी गिरक्या घेणारे थेंबाच्या आकाराचे जीव दिसले तर ते ऑस्ट्रिऑप्सिस. त्यांच्यातले काही विषारी असतात, आणि तो थर खाल्ला की गोगलगाई पटापट मरतात. माझा संशय तिथेच आहे. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणून ठेवलं की डायनोला रान मोकळं मिळतं. दुकानदाराची पिशवी इथे खलनायक.

मुळामुठा | १३ एप्रिल, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. एकेक सांगते.

रिफ्रॅक्टोमीटर तपासला. घरी केलेल्या द्रावणावर ३४.५ दाखवतो. म्हणजे तो निर्दोष. कपातल्या पाण्याचा पीएच बाल्कनीत ८.२ झाला, कोलंबसकर बरोबर आहेत, रात्री खिडकी किलकिली ठेवते आता. पिशवी काढली.

शेवंतीताई, गाळून ठेवलेल्या पाण्यात तासाभरात परत तारा झाल्या. भाचीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लंबगोल जीव आहेत, पण गिरक्या घेत नाहीत, इकडेतिकडे सरपटत जातात. आणि थर फक्त वाळूवर आहे, दगडांवर नाही.

शेवंती | १३ एप्रिल, रात्री १०:०२

मग अँफिडिनियम असावा. वाळूतच राहतो, पाण्यात वर येत नाही, म्हणून यूव्ही दिवा लावून उपयोग नाही. चिवट आहे, पण गोगलगाईंना मारण्यात ऑस्ट्रिऑप्सिसइतका बदनाम नाही.

आणि तुझी पहिली पोस्ट परत वाचली. गोगलगाई फेब्रुवारीत पडायला लागल्या, शेंबूड एप्रिलमध्ये आला. मग माझा आरोप टिकत नाही. डायनो मागाहून आलेला पाहुणा आहे.

दर्यासारंग | १४ एप्रिल, सकाळी ८:३०

लेदर केवढा आहे? मोठा लेदर रागावला की टर्पीनसारखी रसायनं सोडतो आणि आजूबाजूच्या प्रवाळांना आजारी पाडतो. फिल्टरात ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, दोन दिवसांत फरक पडला तर तेच.

पण एक गोष्ट खटकते. झोआ इतके हळवे नसतात. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला झोआंचे गालिचे उघडे पडतात. वर ऊन, खाली गाळ, पलीकडून शहराचं सांडपाणी, आणि हे मस्त हिरवेगार. कोस्टल रोड करताना तिथल्या आणि वरळीच्या खडकांवरचे दगडी प्रवाळ सरकारी परवानगीने हलवावे लागले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की मुंबईला प्रवाळ आहेत. सांगायचं ते असं की असल्या पाण्यात जगणारी जात तुमच्या स्वच्छ टाकीत आठवडेच्या आठवडे मिटून बसली असेल, तर कारण साधं नाही.

क्षारपाल | १४ एप्रिल, दुपारी १:१५

वाचत होतो, आता राहवत नाही. पाणी तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

कोण आजारी आहे याची यादी करा. गोगलगाई, श्रिंप, झेनिया, झोआ, मश्रूम, लेदर. कोण धडधाकट? मासे. पाठीचा कणा असलेले सुखात आणि बिनकण्याचे सगळे मरणपंथाला, असं दिसलं की मी दोनच गोष्टी विचारतो. घरात कीटकनाशक मारलं का? आणि पाण्यात तांबं कुठून येतंय?

कीटकनाशकांत हल्ली पायरेथ्रॉइड असतात. ते श्रिंपला क्षणात मारतात, पण माशांनाही सोडत नाहीत. शिवाय असा घाला एकदम पडतो, दोन महिने रेंगाळत नाही. तांब्याचं उलट आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषध म्हणून तांबं देतात, लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम, आणि मासे ते आठवडेभर सहन करतात. तेवढ्यात गोगलगाई, श्रिंप, प्रवाळ यांतलं काही वाचत नाही. म्हणून मासे मजेत आहेत यावर जाऊ नका, या बाबतीत ते साक्षीदार म्हणून कुचकामी.

तेव्हा सांगा: टाकीत जाणारं पाणी कुठलं? कमी झालेलं पाणी भरायला काय वापरता? आणि जानेवारी-फेब्रुवारीत घरात काय बदललं?

मुळामुठा | १४ एप्रिल, रात्री ८:५०

पाणी घरच्याच आरओचं. भरायलाही तेच, मीठ कालवायलाही तेच. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ३८ ते ४०, पहिल्यापासून तेवढाच. कीटकनाशक नाही, कॉइल नाही, आम्ही जाळ्या लावल्यात. वेव्हमेकरचं चुंबक काढून पाहिलं, गंज नाही.

मी म्हणत होते घरात काहीच बदललं नाही. आई पलीकडे भाजी निवडत होती, ती म्हणाली, "अगं, संक्रांतीच्या सुमाराला तो आरओवाला येऊन गेला नाही का, त्याने ते तांब्याचं नळकांडं फुकट बसवून दिलं." उठून बघितलं. वार्षिक करारातल्या सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने शेवटच्या फिल्टरच्या जागी तांब्याचं कार्ट्रिज लावलंय. वर छान तांबूस स्टिकर आहे, 'तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण' वगैरे.

क्षारपाल, तुम्हाला साष्टांग नमस्कार. पण आईला जास्त.

बटाटेवडा | १४ एप्रिल, रात्री ९:००

धाग्याची नायिका: आई. +१००

कोलंबसकर | १५ एप्रिल, सकाळी ६:१०

एक शंका. तांबं पाण्यात येत असेल तर टीडीएस वाढायला नको का? तो तर पहिल्याइतकाच आहे.

(आमच्याकडे अमेरिकेत घरभर तांब्याचेच पाईप. रात्रभर नळ्यांत थांबलेलं सकाळचं पहिलं पाणी सोडून द्यायचं आणि मग आरओ-डीआय (आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं रेझिन) सुरू करायचा, हा इथल्या टाकीवाल्यांचा रिवाज. पिण्याच्या पाण्यात मुद्दाम तांबं घालतात हे मला नवीन.)

क्षारपाल | १५ एप्रिल, सकाळी १०:२५

टीडीएसचा मीटर पाण्याची विजेची वाहकता मोजतो आणि त्यावरून ढोबळ आकडा काढतो. चाळीसमध्ये पाव मिसळलं तर चाळीसच दिसणार. तो मीटर तांबं, शिसं, मीठ यांत फरक करत नाही. मेंब्रेन ठीक चाललंय का एवढंच त्याने कळतं.

आता हिशेब. समजा कार्ट्रिजमधून लिटरला ०.२५ मिलिग्रॅम तांबं येतंय. माणसाला यात काही धोका नाही. आपल्या आयएस १०५०० मानकात तांब्याची इष्ट मर्यादा ०.०५ आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २. पण समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. म्हणजे हे पाणी समुद्रापेक्षा निदान अडीचशे पट तांबट.

टाकीतून वाफ होते ती निव्वळ पाण्याची. मीठ मागे राहतं, तांबंही मागे राहतं. तुम्ही रोज लिटरभर पाणी भरता असं धरू. आठवड्याला भरणीतून १.७५ मिलिग्रॅम आत. रविवारी दहा टक्के पाणी बदलता, पण नवं पाणीही त्याच नळाचं, म्हणजे पाच लिटरमागे आणखी १.२५. बाहेर जातं ते फक्त टाकीत असलेल्याच्या एक दशांश. हे असंच चालू राहिलं तर शेवटी कुठे थांबेल? कागदावर ०.६ च्या आसपास. नळातल्यापेक्षा दुपटीहून जास्त.

प्रत्यक्षात इतकं दिसणार नाही, कारण चुन्याचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात. ते वरदानही आहे आणि पुढची डोकेदुखीही.

मुळामुठा | १५ एप्रिल, दुपारी ४:३०

मार्चमध्ये गरम व्हायला लागलं म्हणून पाण्यावर छोटा पंखा लावला. तेव्हापासून रोजचं पाणी भरणं जवळजवळ दुप्पट झालंय. म्हणजे मीच...

क्षारपाल | १५ एप्रिल, दुपारी ५:०५

पंख्याला दोष देऊ नका. पाण्यातलं तांबं काढा, पंखा राहू द्या.

आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. तांब्याचं किट आणा आणि आधी नळाचं पाणी मोजा, टाकीचं नंतर. टाकीतलं तांबं सेंद्रिय पदार्थांना चिकटून बसलेलं असतं आणि साध्या किटला ते नीट पकडता येत नाही. उगमापाशी ते मोकळं असतं, तिथे खोटं बोलणार नाही. कार्ट्रिजच्या आधीचं पाणीही मोजा, म्हणजे नळाच्या जोडातून येतंय का तेही कळेल.

मुळामुठा | १८ एप्रिल, रात्री ९:४०

किट आलं. कार्ट्रिजनंतरचं पाणी: रंग ०.२५ च्या पट्टीला तंतोतंत. मेंब्रेनच्या लगेच नंतरचं: बिनरंगी. टाकीचं: अगदी फिकट छटा, आईला दिसते, मला दिसत नाही.

शिवाय दर्यासारंगांच्या सांगण्यावरून कार्बन आणताना पॉलीफिल्टरचा पॅडही (पाण्यातली घाण शोषून रंग बदलणारा) आणला होता. दोन दिवसांत त्याच्या कडा निळसर झाल्यात.

दर्यासारंग | १८ एप्रिल, रात्री ९:५५

पॅड निळा म्हणजे तांबं. निकाल लागला. लेदरची निर्दोष मुक्तता.

आता करायचं असं. प्लंबरकडून मेंब्रेननंतर, टीडीएस कंट्रोलर आणि बाकी कार्ट्रिजांच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून घ्या. ती लाईन टाकीसाठी. तिच्यापुढे डीआय रेझिनचं भांडं, रंग बदलणारं रेझिन घ्या, म्हणजे संपलं की दिसतं. बाहेर पडणारा टीडीएस ० हवा, २ चालणार नाही असं नाही, पण ० हवा. घरचे पिण्याचं पाणी हवं तसं पिऊ देत, तांब्याचं, पितळेचं, गुलाबाचं.

रेझिन येईपर्यंत गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी वापरता येईल. पाच लिटरचे सीलबंद कॅन मिळतात. प्रत्येक कॅन मोजूनच घ्या, काही कॅनमध्ये नुसतं आरओचं पाणी निघतं.

शेवंती | १९ एप्रिल, सकाळी ७:२०

इथे एक पेच आहे. डायनो असताना पाणी बदलायचं नाही, असा माझा आणि बऱ्याच जणांचा अनुभव. नव्या पाण्याने त्यांना बळच मिळतं. आणि तांबं काढायचं तर पाणी बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

क्षारपाल | १९ एप्रिल, सकाळी ९:००

आधी तांबं. डायनोने वाळू घाण दिसते, तांब्याने जीव जातात.

एक चतुर्थांश पाणी चार वेळा बदललं तर जुन्या पाण्यातलं तिसऱ्या भागाच्या आत शिल्लक राहतं. एकदम अर्धं बदलू नका, आजारी प्रवाळांना तो दुसरा धक्का. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, नवं पाणी आदल्या दिवशी कालवून पॉवरहेड (छोटा पंप) लावून फिरत ठेवा, तापमान आणि खारेपणा जुळवूनच ओता. सोबत तांबं धरणारं रेझिन किंवा तो पॅड फिल्टरात राहू दे.

शेवंती | १९ एप्रिल, सकाळी ९:४०

मान्य. मग निदान प्रत्येक बदलानंतर नायट्रेट-फॉस्फेट मोज आणि शून्याला टेकू देऊ नकोस. माशांना थोडं सढळ हाताने खाऊ घाल, त्यानेही वाढेल. वाळू उकरू नकोस.

बटाटेवडा | १९ एप्रिल, सकाळी ११:३०

दगडांनी तांबं धरलंय म्हणता ना, मग दगड काढून खळखळा उकळून घ्यायचे. आमच्याकडे बाटल्या अशाच निर्जंतुक करतात.

दर्यासारंग | १९ एप्रिल, सकाळी ११:३४

अजिबात नाही. चेष्टा असेल तरी हे वाक्य इथे असंच राहू नये. झोआ आणि त्यांचे चुलत भाऊ पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, निसर्गातल्या जहाल विषांपैकी एक. उकळून ते नाहीसं होत नाही, वाफेबरोबर हवेत येतं. परदेशात असे दगड उकळून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. दगड उकळायचे नाहीत, गरम पाण्याने धुवायचे नाहीत, कोरडे घासायचे नाहीत. झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हातच घालू नका.

बटाटेवडा | १९ एप्रिल, सकाळी ११:५०

बाप रे. शब्द मागे. ताई, दगड आहेत तिथेच राहू देत.

चिवला | २० एप्रिल, दुपारी ३:१०

मालवणातून. एवढे कॅन आणि रेझिन कशाला, समुद्राचं पाणी का आणत नाही? आमच्याकडे होडीतून थोडं आत गेलं की डिसेंबर-जानेवारीत पाणी आरशासारखं असतं.

दर्यासारंग | २० एप्रिल, दुपारी ४:००

तुमच्याकडचं चालेल, माझ्याकडचं नाही. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी टाकीत घालायची माझी हिंमत नाही. आणि पुण्याहून दर पंधरवड्याला मालवण गाठणार कोण? शिवाय पावसाळ्यात नद्यांचं पाणी येऊन खारेपणा उतरतो, गाळ येतो, चार महिने बंदच.

चिवला | २० एप्रिल, दुपारी ४:२५

ता खरां. पावसात इथलो समुद्र म्हणजे चहा.

अवांतर: किल्ल्याच्या आसपास ओहोटीला पोरायटिस या दगडी प्रवाळाचे गोळे दिसतात, त्या गढूळ पाण्यातही तग धरून आहेत. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे, तरी काही पर्यटक प्रवाळांवर उभे राहून फोटो काढतात. टाकीवाल्यांनी निदान आपापल्या मुलांना आणून दाखवावं, लांबून.

कोलंबसकर | २१ एप्रिल, सकाळी ६:४५

टाकी सावरली की एखादा हॅमर किंवा टॉर्च (दगडी प्रवाळ) ठेवून बघा, डोलताना फार सुंदर दिसतो. इथे सर्रास मिळतात.

दर्यासारंग | २१ एप्रिल, सकाळी ९:१०

तिथे मिळतात, इथे नको. दगडी प्रवाळांचा स्क्लेरॅक्टिनिया हा अख्खा गण भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्याच यादीत. 'इंपोर्टेड आहे' असं म्हणून कुणी विकत असेल तर कागद मागा, विषय तिथेच संपतो. मऊ प्रवाळांत आयुष्य जाईल एवढी विविधता आहे.

मुळामुठा | ९ मे, रात्री १०:१५

अपडेट. टी बसली, डीआय बसलं, टीडीएस ०. पाण्याचे चारही बदल झाले. नळाच्या नव्या लाईनीत तांबं शून्य. पॅड बदलला, नव्याला रंग फार हळू चढतोय.

झोआ उघडलेत! सगळे नाहीत, पण हिरवे-नारिंगी जवळजवळ पूर्ण. मश्रूम पसरायला लागलेत. जीएसपी तर काही झालंच नाही अशा थाटात. लेदरने जुनी कातडी टाकली, आतून पॉलिपची टोकं दिसतायत. शेंबूड आहे, पण फॉस्फेट ०.०६ झाल्यापासून कमी, आणि वाळूवर थोडं हिरवं शेवाळ आलंय, शेवंतीताई म्हणतात ती चांगली खूण. झेनिया गेली ती गेली.

आता गोगलगाई आणू का?

दर्यासारंग | ९ मे, रात्री १०:४०

मी असतो तर दगड आणि वाळू बदलून टाकली असती. चुन्यात बसलेलं तांबं पुढे कधी पीएच उतरला की परत सुटतं.

क्षारपाल | १० मे, सकाळी ८:५०

मी बदलणार नाही. सुटलं तरी हळूहळू सुटेल, आणि पॅड व पाण्याचे बदल ते पकडतील. दगड फेकले तर त्यांच्यावरचे जिवाणूही गेले, मग अमोनियाशी नव्याने झगडा. मासे कुठे ठेवणार तोवर? फार तर वाळू थोडी थोडी, एकेका कोपऱ्यातली काढा, तीही डायनो गेल्यावर.

खरोखर आकडा हवा असेल तर जर्मनीतल्या एखाद्या प्रयोगशाळेत आयसीपी चाचणीला (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी) नमुना पाठवा. नाहीतर एकच टर्बो आणा. तो काचेवर टिकला तर बाकीचे आणा.

दर्यासारंग | १० मे, सकाळी ९:३०

एका टर्बोवर सहमत. दगडांवर नाही.

मुळामुठा | २ जून, रात्री ९:०५

टर्बो काचेवर आहे, रात्रभरात समोरची काच चाटून साफ करतो. दगड ठेवले. दर्यासारंग, रागावू नका.

पंख्याबद्दल कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं, इथेच लिहिते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याने पाणी दोन-अडीच अंश सहज उतरलं. ठाण्याच्या मैत्रिणीकडे तोच पंखा लावला तर जेमतेम अर्धा अंश, दमट हवेत वाफच होत नाही. तिला चिलर घ्यावा लागणार. आणि आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं, शुक्रवारी सकाळी येतं ते गढूळ. त्या दिवशी आरओ चालवत नाही, बुधवारीच कॅन भरून ठेवते.

खारीशेंग | ३ जून, दुपारी १२:२०

पूर्ण धागा वाचला, फार उपयोगी. माझी टाकी अजून छोटी आहे, तीस लिटर. आरओचं पाणी मी आजीच्या तांब्याच्या पिंपात साठवून मग टाकीत घालतो, प्लास्टिकपेक्षा शुद्ध म्हणून. यात काही हरकत नसावी ना? हर्मिट खेकडे हल्ली शंखाबाहेर येत नाहीत.

दर्यासारंग | ३ जून, दुपारी १२:२६

हरकत आहे. आरओच्या पाण्यात विरघळलेलं फारसं काही नसतं, ते नळाच्या पाण्यापेक्षाही तांबं लवकर खातं. पिंपातलं पाणी आजच कुंड्यांना घाला, अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये नवं भरा, किट आणा. आणि वेगळा धागा काढा, मोजमापांसकट.